ढोल, बिगूल आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. दरवर्षी या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर बोलते, कोणी नवे पदार्थ सांगते. यंदा आपल्या चिटणीसबाई माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "या खेपेला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. पापड लाटायला सांगा, शंभर लाटते. भाषण मला कसे जमणार?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे ठाऊक आहे ते बोला. ठाऊक नाही ते बोलणारे पुष्कळ आहेत." त्यांचे म्हणणे मला पटले. म्हणून आज मी ढोल आणि बिगूल यांच्याविषयी बोलणार आहे. हसू आले असेल तर हसून घ्या. मलाही पहिल्याने हसूच आले होते.

आपल्या खान्देशात वाजंत्रीची काही वाण नाही. लग्न म्हटले की बँड आलाच. मांडवात पंगत उशिरा बसली तरी चालते, पण वरातीला बँड नाही असे चालत नाही. कानबाईच्या विसर्जनाला आपण वाजंत्रीपुढे फुगड्या घालतो. आखाजीला मुली झोक्यावर बसून गाणी म्हणतात. म्हणजे गाणे आपले, नाचणे आपले. पण वाजविणे मात्र पुरुषांचे. मी लहानपणापासून किती लग्ने पाहिली, परंतु गळ्यात ढोल अडकविलेली बाई एकाही वरातीत पाहिली नाही. त्याचे नवलही कधी वाटले नाही. नवल वाटले ते एकदाच, आणि ते माझे मलाच वाटले. ती हकीकत आधी सांगते.

माझे माहेर तापीकाठी लहानशा गावी. तेथे सातवीपर्यंतची शाळा. शाळेला बँडपथक होते म्हणजे काय, तर दोन ड्रम, एक मोठा ढोल, एक झांजजोड आणि दोन बिगूल. बिगुलांवर मेरठचा शिक्का होता. मेरठला जळी कोठी म्हणून भाग आहे, तेथे देशभरच्या बँडची वाद्ये होतात. नादिर अली यांची कंपनी तेथे १८८५ पासूनची. हे सारे मला आता कळले. तेव्हा मला तो शिक्का सोन्याच्या दागिन्यावरचा असावा तसा वाटे. पथकात ड्रम आणि बिगूल मुलांना, आणि लेझीम मुलींना, अशी वाटणी होती. ती कोणी केली कोण जाणे. ती होतीच.

आमच्या घराशेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना सारा गाव फौजीबाबा म्हणे. ते फौजेत बिगूल वाजवीत असत. त्यांच्या घरी एक चेपलेला बिगूल खुंटीला टांगलेला होता. मी त्यांच्याकडे ताक घ्यायला जात असे. एके दिवशी मी विचारले, "बाबा, हा वाजतो का?" ते म्हणाले, "तो वाजत नसतो. ओठ वाजतात. तो फक्त मोठ्याने सांगतो."

मग त्यांनी मला शिकविले. गाल फुगवायचे नाहीत. ओठ मिटून, मधून हवा सोडून फुर्र असा थरकाप आणायचा. बिगुलाला बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, बासरीसारखी भोके नाहीत, कळा नाहीत. नुसती वाकविलेली नळी. ओठ सैल ठेवले तर खालचा सूर, आवळले तर वरचा. असे करून त्यातून कामाचे सूर पाचच निघतात. बाजाच्या पेटीवर लावून पाहिले तर खालचा सा, मग प, मग वरचा सा, त्याच्यावर ग आणि प. रे नाही, म नाही, ध नाही, नी नाही. एवढ्या पाच सुरांवर सबंध पलटण उठते, जेवते, उभी राहते आणि निजते. बिनतारी यंत्रे निघण्यापूर्वी मैदानात हुकूम पोहोचवायला माणसाचा आवाज पुरत नसे. बिगूल आणि नगारा यांचाच आधार होता. बिगुलाने हुकूम सांगायचा आणि ढोलाने पाय जुळवायचे. मुलांच्या पथकांचा जन्म या फौजी कामातूनच झालेला आहे.

मी धाब्यावर बसून वाजवू लागले. शेजारणी म्हणू लागल्या, "पोरीले बिगूल कसाले?" माझी माय काही बोलली नाही, पण सांजवेळी वाजवू नको एवढे म्हणाली.

१९९३ साली मी सातवीत होते. २६ जानेवारीच्या आधी बिगूल वाजविणारा मुलगा तापाने पडला. दुसऱ्या मुलाला सलामी येत नव्हती. आमच्या सरांना कोणी सांगितले की त्या पोरीला येते. सरांनी वाजवून घेतले आणि त्या दिवशी झेंड्याला सलामी मी वाजविली. बहिणींनो, मला त्या दिवसाचे दुसरे काही आठवत नाही. समोर मायबाप उभे होते की नव्हते, खाऊ काय मिळाला, काही नाही. आपल्या ओठांतून निघालेला सूर शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला, तो मात्र अजून ऐकू येतो.

पुढे तालुक्याला बँडपथकांची स्पर्धा निघाली. माझे नाव यादीत होते. कार्यक्रम संध्याकाळचा, शेवटची एस.टी. निघून जाणार, म्हणून मुक्काम करावा लागणार होता. माय म्हणाली, "संगे कोन बाई शे?" सोबत बाई कोणीच नव्हती. शाळेत तेव्हा एकही शिक्षिका नव्हती. सरांनी माझे नाव खोडले आणि लेझमीच्या मुलीही राहिल्या. मुले गेली. बिगुलाशिवाय गेली, तरी गेली. मी त्या सरांना दोष देत नाही आणि मायला तर नाहीच. तिने विचारलेला प्रश्न खरा होता. त्याला उत्तर देणारे कोणी गावात नव्हते, एवढेच. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती. तेथेही जाण्यायेण्याचा तोच प्रश्न निघाला आणि माझे शिक्षण सातवीवर थांबले. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी नरडाण्याला आले.

आता मुख्य विषयाकडे येते. माझा एक भाचा पुण्याला नोकरी करतो. त्याला मी हे एकदा सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामी, जगात या पथकांचा केवढा इतिहास आहे!" त्याने वाचून दाखविले आणि मी वहीत उतरून घेतले. इंग्रजी मला येत नाही. तेव्हा उच्चारात चूकभूल झाल्यास क्षमा असावी.

अमेरिकेत पहिले महायुद्ध १९१८ साली संपल्यावर सैनिक घरी परतले. त्यांनी गावोगावी आपल्या संघटना केल्या. अमेरिकन लीजन ही त्यांतली मोठी, १९१९ ची. फौजेत उरलेले बिगूल आणि ढोल त्यांना मिळाले. त्यांनी पथके केली, मग आपल्या मुलांची पथके केली, आणि पथके झाली तशा स्पर्धाही सुरू झाल्या. कोठे चर्चने पथक काढले, कोठे बालवीरांच्या तुकडीने. विस्कॉन्सिन प्रांतातील मॅडिसन स्काउट्स हे १९३८ चे आणि शिकागोचे कॅव्हलिअर्स हे १९४८ चे. दोन्ही बालवीरांतून निघालेली, आणि दोन्ही तेव्हा केवळ मुलांची. मुलींना आपली निराळी पथके काढावी लागली, आणि त्यांनी ती काढली.

त्या स्पर्धांची रीत ऐकून मला मोठी गंमत वाटली. आधी पोशाखाची तपासणी. गुंडी तुटलेली, बूट मळलेला, की गुण गेले. मग मैदानात पथक चालू लागले की परीक्षक हातात कागद घेऊन मुलांच्या अगदी जवळून चालत. एक काठी चुकीची पडली, एक पाय मागेपुढे झाला, की एक दशांश गुण वजा. सासूबाईंनी पोळ्या मोजाव्या तशी गत! पुढे १९८४ च्या सुमारास ही चुका मोजण्याची रीत त्यांनी सोडली आणि काय चांगले झाले ते पाहून गुण देऊ लागले. मुलांना शिकविताना हा फरक आपणही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बिगुलाचे पाच सूर त्यांना अपुरे वाटू लागले. मग बिगुलाला एक कळ बसविली. कळ दाबली की नळीची लांबी वाढते आणि सुरांची सारी शिडी खाली सरकते, म्हणजे आणखी सूर मिळतात. एकाच्या दोन कळा झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. लहान बिगूल, मोठे बिगूल असे प्रकार झाले. २००० साली तर त्यांनी जुन्या एका पट्टीच्या बिगुलाचे बंधन काढून कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये घ्यायला मोकळीक दिली. आज जे वाजते ते नावापुरतेच बिगूल उरले आहे.

स्पर्धेचे नियम आणि बक्षिसे जुन्या संघटनांच्या हाती होती. पथके चालविणाऱ्यांना ते पटेना. मुलांना शिकवायचे आम्ही, गाड्या करायच्या आम्ही, आणि कसे वाजवायचे ते ठरवायचे दुसऱ्यांनी, असा त्यांचा वाद होता. शेवटी त्यांनी १९७१-७२ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल ही आपली संस्था उभी केली. तिची पहिली मोठी स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर या गावी झाली आणि कॅलिफोर्नियाचे अनाहाइम किंग्जमेन हे पथक पहिले आले. अजूनही दर उन्हाळ्यात ही स्पर्धा होते. विशी-एकविशीपर्यंतची मुलेमुली दोन-अडीच महिने बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या दालनात जमिनीवर निजतात, दिवसभर उन्हात सराव करतात आणि रात्री वाजवितात. आता बहुतेक पथकांत मुलेमुली एकत्र असतात.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही भाच्याने सांगितली, आणि मला तीच महत्त्वाची वाटली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत अशी पथके शेकड्यांनी होती. लहान लहान गावांची होती. आता मोठ्या स्पर्धेत उतरणारी थोडकी उरली आहेत. का बरे? तर खर्च वाढला. वाद्ये महाग, प्रवास महाग, शिकविणारे महाग. आज तेथे एका मुलाला एका उन्हाळ्यासाठी हजारो डॉलर भरावे लागतात. पूर्वी गावातल्या आया पोशाख शिवीत, बाप गाडी हाकीत, शेजारी पाजारी वर्गणी देत आणि पथक चालत असे. जेथे हे हात सुटले तेथे पथक मोडले. मी वहीत याच्या खाली रेघ ओढून ठेवली आहे. पथक नुसत्या वाजविणाऱ्यांच्या जिवावर चालत नाही. त्यांच्या आजूबाजूला चालणारे असतील तर ते चालते.

आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडेही बिगूल फौजेबरोबर आला आणि बालवीर चळवळीने तो शाळेत आणला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना निघाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, तिची मुलींची शाखा निघाली. १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. राजस्थानात पिलानी येथे बिर्ला बालिका विद्यापीठ म्हणून मुलींची शाळा आहे. तिचे मुलींचे बँडपथक अनेक वर्षे दिल्लीला २६ जानेवारीच्या संचलनात वाजवीत गेले आहे. राष्ट्रपतींच्या समोरून बिगूल-ढोल वाजवीत मुली चालतात, आणि त्यांना कोणी "कसाले?" म्हणून विचारीत नाही.

आपल्या बाजूला तर याहून जुनी गोष्ट आहे. आपल्याच रेल्वेमार्गावरच्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक होते. १९४१ साली पुण्यात राष्ट्र सेवा दल उभे राहिले, त्याला गुरुजींचा मोठा आधार होता. सेवा दलाच्या शाखांतून मुले आणि मुली एकत्र खेळत, एकत्र गात, एकत्र पाऊल टाकीत. त्या काळच्या आयांनी मुलींना पाठविले. मग आपण मागे का सरावे?

पुण्याचे ढोल-ताशा पथक आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले असेल. गणपतीच्या मिरवणुकीत शाळेच्या विद्यार्थ्यांची पथके उतरविण्याची रीत तेथे रुजली, त्यात ज्ञानप्रबोधिनीचे नाव प्रथम घेतात. डॉ. वि. वि. पेंडसे, ज्यांना सारे आप्पा म्हणत, त्यांनी १९६२ साली ही संस्था काढली. ढोल, लेझीम आणि बरची यांना त्यांनी शिस्त लावली. रमणबाग शाळेचे पथकही नावाजलेले. आज पुण्यात शंभर-शंभर वाजविणाऱ्यांची पथके आहेत आणि त्यांत मुली खूप असतात. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी सराव चालतो. ताशा हा पुढारी. तो इशारा देतो आणि ढोल त्याच्या मागून चालतात. सबंध पथक ताशाकडे कान लावून असते. मोठ्याने वाजविण्यापेक्षा ऐकणे अवघड, असे तेथे वाजविणारी भाच्याची बायको मला म्हणाली. कमरेला ढोल बांधून ती चार चार तास उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाते.

लेझमीलाही कमी लेखू नका. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, तेव्हा उद्घाटनाला महाराष्ट्राची लेझीम झाली होती. साऱ्या आशियाने ती पाहिली.

आणि आता तर सरकारनेच मार्ग मोकळा केला आहे. संरक्षण आणि शिक्षण या दोन खात्यांनी मिळून शाळांच्या बँडपथकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आहे. आधी राज्याची, मग विभागाची आणि मग दिल्लीची, अशा पायऱ्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अंतिम स्पर्धा दिल्लीच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झाली. विशेष हे की मुलींचा गट निराळा ठेवला आहे. पितळी वाद्यांच्या बँडचा मुलींचा गट वेगळा आणि मशकबाजाच्या बँडचा मुलींचा गट वेगळा. म्हणजे मुलांमधून जागा उरली तर मुलींना, असे तेथे नाही. मुली आल्या नाहीत तर ती जागा रिकामीच राहील.

एवढा सारा इतिहास मी का सांगितला? विद्वत्ता दाखवायला नाही. ती माझ्याजवळ नाही. आता जे सांगणार आहे ते सांगायचा धीर यावा म्हणून सांगितला.

आपल्या गावातल्या मुलींचे ढोल-बिगूल पथक आपण पाहिले आहे. चौदा मुली आहेत. संध्याकाळी सराव करतात. माझी धाकटी त्यात ड्रम वाजविते. गेल्या वर्षी स्पर्धेला जायचे ठरले. वाद्ये होती, पोशाख झाले होते, शिकविणारे सर तयार होते. बरोबर एक शिक्षिका येणार होत्या. परतायला रात्र होणार होती. आदल्या दिवशी पाच आयांनी मुली पाठवायला नकार दिला. एकट्या शिक्षिकेवर चौदा मुलींचा भार कसा टाकायचा, रात्रीची वेळ, रस्ता मोठ्या गाड्यांचा, लोक काय म्हणतील, अशी आमची कारणे होती. पाच मुली गळल्या तेव्हा पथक मोडले आणि नऊही राहिल्या.

बहिणींनो, त्या पाच आयांमध्ये एक मी होते.

आपल्या डोळ्यांत मी पाहू शकते की काहींना आश्चर्य वाटले. माझेही मला वाटते. ज्या बाईचे नाव असेच खोडले गेले होते तिनेच मुलीचे नाव खोडले. पण आईच्या जागी उभे राहिले की जीव घाबरतो. माझी माय तेव्हा का घाबरली ते मला त्या रात्री समजले.

मुलगी रडली नाही. तिने ड्रमच्या काठ्या फळीवर टाकल्या आणि जेवून निजली. आठ-दहा दिवस त्या विषयावर एक शब्द नाही. मग एका दुपारी मी बिबड्या घालीत होते, ती वाळत टाकायला मदत करीत होती. हातातले काम न थांबविता ती म्हणाली, "आई, तुझ्या वेळेला सोबत यायला कोणी बाई नव्हती. माझ्या वेळेला तू होतीस. मग तू का नाही आलीस?"

मला उत्तर देता आले नाही. कारण खरे सांगायचे तर ते माझ्या मनातच आले नव्हते. पाठवायचे की नाही पाठवायचे, एवढेच मी पाहिले. आपण स्वतः बरोबर जावे, ही तिसरी वाट समोर असून दिसली नाही. घरी एक रात्र भाकरी कोण करील, हा प्रश्न आला असता. पण माहेरी लग्न निघाले तर आपण चार चार रात्री जातो आणि घर काही उपाशी राहत नाही.

तेव्हा मंडळापुढे माझे एक मागणे आहे. ते पैशाचे नाही, म्हणून खजिनदारबाईंनी घाबरू नये. मुलींचे पथक जेव्हा जेव्हा बाहेरगावी जाईल, मग ते शिंदखेड्याला जावो, धुळ्याला जावो की नाशिकला जावो, तेव्हा आपल्या मंडळाच्या दोन बायका बरोबर जातील, असा आपण नियम करावा. पाळीपाळीने. एक वही करावी आणि तीत नावे घालावी, जशी आपण हळदीकुंकवाच्या तयारीची पाळी लावतो. शिक्षिका एक आणि आपण दोघी, अशा तीन मोठ्या बायका झाल्या की कोणत्याही आईला "संगे कोन बाई शे?" विचारावे लागणार नाही. आणि विचारले तरी उत्तर मिळेल. मुली मोठ्या होत आहेत. महिन्याची अडचण असते, कधी ताप भरतो, कधी नुसता धीर सुटतो. अशा वेळी ओळखीची काकू-मावशी जवळ असली की मुलगी सावरते.

दुसरे, आपल्यातल्या पुष्कळ जणींकडे शिवणयंत्र आहे. पोशाखाचे कापड शाळेने द्यावे, शिवण आपण करावे. एका घरावर दोन पोशाख आले तर भार वाटणार नाही. अमेरिकेतल्या आयांनी तेच केले, आणि आपण त्यांच्यापेक्षा शिवणात काही कमी नाही.

तिसरे, ज्यांच्या घराजवळ सराव चालतो त्यांची तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नाही. परीक्षेच्या दिवसांत आणि कोणाच्या घरी आजारी माणूस असता वाजवू नये, सरावाची वेळ ठरवून तीच पाळावी, हे आपण मुलींना समजावून सांगू. दुसऱ्याच्या कानाचा विचार करणे हाही पथकाचाच धडा आहे.

काही जणी म्हणतील, याने अभ्यास बुडतो. मी माझ्या मुलीचे पाहिले आहे. सरावाची वेळ ठरलेली असली की अभ्यासाचीही वेळ ठरते. काही म्हणतील, उद्या लग्न करताना लोक विचारतील, मुलगी ढोल वाजविते का? विचारू द्या. आपण सांगू, हो, वाजविते, आणि चौदा जणींच्या पावलाला पाऊल जुळवून चालते. अशी मुलगी कोणत्या घरात नको होईल?

काहींना वाटेल की एवढ्याशा गावची पोरे, दोन-चार ड्रम आणि दोन बिगूल, त्यांनी दिल्लीची भाषा कशाला करावी? दिल्ली राहू द्या. यंदा तालुक्याला जाऊन आलो तरी पुष्कळ झाले. पहिले आले पाहिजे असेही नाही. परीक्षकाने चुका मोजल्या तर मोजू द्या. माझ्या मुलीने तेथे जावे, वाजवावे आणि घरी येऊन काय काय झाले ते रात्री उशिरापर्यंत सांगत बसावे, एवढेच मला हवे आहे. मला कोणाला तसे सांगता आले नाही.

फौजीबाबा आता राहिले नाहीत. त्यांचा बिगूल कोठे गेला मला ठाऊक नाही. मागच्या महिन्यात मुलींच्या सरावाला मी पाणी घेऊन गेले होते. तेथे एका मुलीला सलामीचा वरचा प लागत नव्हता. ती गाल फुगवीत होती. मी म्हटले, "गाल नाही गं, ओठ आवळ." मुली हसल्या आणि बिगूल त्यांनी माझ्याच हातात दिला. पदर सावरून मी वाजवून पाहिला. पहिल्याने नुसती हवा गेली. तिसऱ्या खेपेला सा लागला, मग प लागला. वरचे तीन काही लागले नाहीत. ओठ आता जुने झाले. पण ज्या मुलीला मी सांगितले तिला तो वरचा सूर लागला.

वही मी घेऊनच आले आहे. ही पाहा, शाळकरी वहीच आहे. पहिल्या पानावर पहिल्या खेपेसाठी एक नाव मी घातले आहे, ते माझे. घरी विचारले आहे, होकार मिळाला आहे. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. चहापानाच्या वेळी मी ही वही दाराजवळच्या टेबलावर ठेवते. ज्यांना वाटेल त्यांनी नाव घालावे. लिहिता येत नसेल तर मला सांगावे, मी लिहीन. सातवीपर्यंत शिकलेली आहे.